गाणं पाठ, तुरुंग विसरला! धुळे जेलमधल्या कवितांचं आपण काय केलं?

चूक माझीच होती, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गेल्या १५ ऑगस्टला चाळीस सेकंदांचा एक रील टाकायचा होता. शाळेतली मुलं, झेंडा आणि मागे 'बलसागर भारत होवो'. घाई होती. ॲपमध्ये गाण्याच्या नावापुढे श्रेय लिहायची एक चौकट येते. त्यात मी 'पारंपरिक' असं टाकलं आणि पुढच्या कामाला लागले. रील चांगला चालला.

दोन दिवसांनी फोन आला. अमळनेरचे एक निवृत्त शिक्षक होते.

"बेटा, ते गाणं तू टाकलंस का?"

"हो सर. आवडलं का?"

"मुलं छान गायली. पण पारंपरिक कसं काय? साने गुरुजी आपल्या अमळनेरला शिकवायला होते. शंभर वर्षं झाली नाहीत त्या गाण्याला. 'पत्री' काढ आणि कवितांच्या खाली बघ. कवितेत नको बघू, खाली बघ."

मी इंजिनीअरिंग केलेली मुलगी. कवितांशी संबंध दहावीच्या कुमारभारतीपुरता. पण सरांचा आवाज असा होता की टाळता आलं नाही. 'पत्री' मिळवली आणि खाली बघितलं.

खाली काय होतं?

'पत्री' हा साने गुरुजींचा कवितासंग्रह. १९३५ साली निघाला आणि इंग्रज सरकारने तो जप्त केला. त्यातल्या पुष्कळ कवितांच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती कवितेचा भाग नाही. कुठे 'अमळनेर' आणि साल. कुठे 'त्रिचनापल्ली तुरुंग'. कुठे 'नाशिक तुरुंग'. आणि कुठे 'धुळे तुरुंग', पुढे महिना आणि १९३२.

आमच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात. फोटो काढला की फाईलमध्ये तारीख, वेळ, ठिकाण आपोआप बसतं, तसं. आणि तोच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की ती माहिती गळून पडते. फोटो पोचतो, पण तो कुठे काढला हे पोचत नाही. गुरुजींच्या गाण्यांचं अगदी हेच झालंय. शाळेच्या प्रार्थनेत, २६ जानेवारीच्या कार्यक्रमात, यूट्यूबवर शब्द सगळीकडे आहेत. खालची ती ओळ मात्र कुठेच नाही. गाण्यांच्या साईटवर शोधून बघा. कवीचं नाव असतं, संगीतकाराचं असतं, गायकाचं असतं. तुरुंगाचं नसतं.

मी जळगावची. 'खरा तो एकचि धर्म' रोज सकाळी हात जोडून दहा वर्षं म्हटलंय. हा माणूस इथून नव्वदेक किलोमीटरवर, एरंडोल-पारोळा करत गेलं की लागणाऱ्या धुळ्याच्या जेलमध्ये राहून कविता लिहीत होता, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

धुळे जेलमध्ये १९३२ ला नेमकं काय घडलं?

थोडं मागून येऊ. पांडुरंग सदाशिव साने मूळचे कोकणातले, पालगडचे. १९२४ ला ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाचंही काम होतं. मुलांसाठी ते रोज हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. (रोज! एका माणसाने! आमच्या डेस्कवर सहा जण आहोत आणि सकाळची पहिली बातमी वेळेत जात नाही.) १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. १९३० ला सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा नोकरी सोडली आणि चळवळीत उतरले. आधी धुळ्याचा तुरुंग, मग तिथून पार तमिळ मुलखात त्रिचनापल्लीला रवानगी. तिथे बरोबरच्या कैद्यांकडून ते तमिळ शिकले. भारतीय भाषा एकमेकींच्या जवळ आणायची जी 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनी पुढे मांडली, तिचं मूळ या तुरुंगात आहे असं मानतात.

गांधी-आयर्विन करारानंतर सुटका झाली. १९३२ ला चळवळ पुन्हा पेटली आणि गुरुजी परत धुळे जेलमध्ये.

त्याच वेळी तिथे विनोबा भावे होते. विनोबा ३६ वर्षांचे, गुरुजी ३२ चे. आजच्या हिशोबाने दोघेही तरुणच. जमनालाल बजाज होते, पुढे दोनदा हंगामी पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदा होते, भुसावळकडचे अण्णासाहेब दास्ताने होते. या मंडळींसमोर विनोबांनी दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगायला सुरुवात केली. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२, अठरावं १९ जून १९३२.

तारखा वाचल्यावर मी सवयीने मोबाईलचं कॅलेंडर मागे नेलं. दोन्ही दिवस रविवारच निघाले. मधले रविवार मोजले, बरोबर अठरा. म्हणजे फेब्रुवारीपासून भर उन्हाळ्यातून जूनपर्यंत एकही रविवार चुकला नाही. धुळ्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना हे किती अवघड ते वेगळं सांगायला नको.

विनोबा लिहून आणत नव्हते, बोलत होते. समोर बसून साने गुरुजी ते साध्या हाताने उतरवून घेत होते. पुढे त्याचंच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं आणि भारतातल्या बहुतेक भाषांत गेलं. टिपून घेणारा हात तिथे नसता तर ती अठरा भाषणं धुळ्याच्या भिंतींतच विरून गेली असती. विनोबांनी संस्कृत न कळणाऱ्या आपल्या आईसाठी गीता मराठी पद्यात आणली, ती 'गीताई'. तिची पहिली आवृत्तीही याच वर्षीची, १९३२ ची. हे सगळं गाण्याजोगं, निदान चालीवर म्हणण्याजोगं वाङ्मय आहे.

त्यानंतर गुरुजी नाशिक जेलमध्ये गेले. तिथे ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, कारण पुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेली आहे. धुळ्याच्या वाट्याला मात्र कवितांखालची बारीक ओळ आली.

पण गाणीच का? लेख का नाही?

याचं सरळ उत्तर असं की तुरुंगात कागद तुमचा नसतो. तो मोजून मिळतो, तपासला जातो, काढून घेतला जातो. पत्रं वाचूनच बाहेर सोडली जातात. तुमची बदली एका जेलमधून दुसऱ्या जेलमध्ये होते तेव्हा सामान झडतीतून जातं. डोक्यात बसलेल्या गाण्याची झडती घेता येत नाही. यमक आणि चाल ही त्या काळची पेन ड्राईव्ह म्हणा. एकाला पाठ झालं की बराकीला पाठ होतं. ज्याची शिक्षा आधी संपते तो ते घेऊन गावी जातो. गावात प्रभातफेरी असतेच.

सरकारलाही हे कळत होतं, नाहीतर कवितांचं पुस्तक जप्त कशाला केलं असतं?

खान्देशात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे जात्याला 'घरोट' म्हणतात आणि घरोट फिरायला लागली की गाणं आपोआप येतं. त्याच काळात जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शेतात आणि घरात काम करता करता गात होत्या. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे घरच्यांनी जमेल तसं उतरवून घेतलं आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तक झालं. एकीकडे विनोबा बोलतायत आणि गुरुजी टिपतायत, दुसरीकडे बहिणाबाई गातायत आणि मुलगा टिपतोय. आपल्या भागातलं बरंच मोठं साहित्य कुणीतरी टिपून घेतलं म्हणून उरलं आहे. आणि तुरुंगातही सक्तमजुरी म्हणजे बहुतेकदा दळणच. चक्की फिरवणारा खान्देशी शेतकरी कैदी गप्प बसला असेल असं मला वाटत नाही. पण त्याने काय म्हटलं ते कुणी टिपलं नाही. या मुद्द्याकडे परत येते.

यात आयर्लंड कुठून आलं?

कारण हे काम कसं करायचं असतं ते तिथे दिसतं.

डब्लिनमध्ये किलमेनहम नावाचा जुना तुरुंग आहे. १७९६ चा. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर इंग्रजांनी ३ ते १२ मे या दहा दिवसांत १४ जणांना तिथल्या आवारात गोळ्या घातल्या. त्यात जोसेफ प्लंकेट नावाचा कवी होता. ग्रेस गिफर्ड या चित्रकार मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. ३ मेच्या रात्री तुरुंगातल्या प्रार्थनागृहात दोघांचं लग्न लागलं आणि पहाटे त्याला मारलं. यावर 'ग्रेस' हे गाणं आहे. मला ते शतकभर जुनं वाटलं होतं. निघालं १९८५ चं! फ्रँक आणि शॉन ओमीरा यांनी लिहिलेलं. म्हणजे गाणं घटनेनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी आलं आणि आता लोकगीतासारखं गायलं जातं. त्याच्या उलट केव्हिन बॅरी. वैद्यकीय शिकणारा अठरा वर्षांचा पोरगा, १ नोव्हेंबर १९२० ला माउंटजॉय तुरुंगात फाशी गेला. त्याच्यावरचं गाणं लगोलग आलं, कुणी केलं हे कुणालाच माहीत नाही, आणि ते जगभर पसरलं.

किलमेनहमचा तुरुंग १९२४ ला बंद पडला. छप्पर गळायला लागलं, झाडं उगवली. १९६० मध्ये सामान्य लोकांनी, त्यात जुने कैदीही होते, स्वतःच्या हाताने तो साफ करायला घेतला. मजुरी न घेता. १९६६ ला तो लोकांसाठी उघडला तेव्हा उद्घाटन करणारे राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा हे तिथल्या अगदी शेवटच्या कैद्यांपैकी एक होते.

मला यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिकडच्या पारंपरिक गाण्यांच्या बैठकीत गाणारा उठतो तेव्हा बहुतेक वेळा आधी दोन वाक्यं बोलतो. हे गाणं कुणावरचं आहे, आपल्याला कुणाकडून मिळालं, कुठल्या गावात ऐकलं. मग गातो. म्हणजे खालची बारीक ओळ तो मोठ्याने वाचून दाखवतो. त्यामुळे गाणं पुढे जाताना ठिकाण आणि माणूस बरोबर जातो.

आणि आपला या लोकांशी संबंध काही नवा नाही. लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी १९१६ ला 'होमरूल' हा शब्द घेतला तो आयरिश राजकारणातूनच. कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी १९२० मध्ये ७४ दिवसांच्या उपोषणानंतर ब्रिक्स्टन तुरुंगात गेले. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ ला गेले. तेव्हा मॅक्स्विनी कुटुंबाकडून भारतात सांत्वनाची तार आली होती. एका तुरुंगातलं दुःख दुसऱ्या तुरुंगाला बरोबर कळतं.

मग आपल्याकडे काहीच होत नाही का?

होतं ना. अंदमानचं सेल्युलर जेल १९७९ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. तिथला ध्वनी-प्रकाश कार्यक्रम प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राने २६ जानेवारी २०२१ ला पुण्याच्या येरवड्यातून 'जेल पर्यटन' सुरू केलं. शाळेच्या मुलांना पाच रुपये, कॉलेजला दहा, बाकीच्यांना पन्नास असं तिकीट ठेवलं होतं. गांधीजी जिथे होते, पुणे करार जिथे झाला, ती जागा बघता येते. चांगली गोष्ट आहे.

पण यात एक फरक मला खटकतो. ध्वनी-प्रकाश कार्यक्रमात तुम्ही खुर्चीत बसता आणि भारदस्त आवाज तुम्हाला इतिहास सांगतो. जेल पर्यटनात तुम्ही रांगेत चालता आणि कोठडी बघता. दोन्हीकडे तुमचं तोंड बंद असतं. गाण्यात तसं चालत नाही. गाण्यासाठी श्वास तुमचा लागतो, शब्द तुमच्या तोंडून यावे लागतात. दुसऱ्याच्या कैदेतले शब्द स्वतःच्या आवाजात म्हणणं हा स्मरणाचा वेगळाच प्रकार आहे. फलक वाचून तो येत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असंही नाही. १९४१ ला राष्ट्र सेवा दल निघालं आणि गुरुजींची गाणी शाखाशाखांतून गेली. सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी माणसं होती. १९३८ च्या सुमारास गुरुजी शेतसारा माफीसाठी खान्देशातल्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं, तेव्हाची शेतकरी-कामकऱ्यांची गाणी आजही मोर्चात ऐकू येतात. म्हणजे गाणारे होते आणि आहेत. फक्त ते तुरुंगाच्या दारापाशी येऊन गात नाहीत.

अडचण काय आहे?

पहिली तर उघड आहे. किलमेनहम रिकामा आहे. धुळ्याचं जिल्हा कारागृह चालू आहे. आत माणसं आहेत, त्यांना भेटायला येणारे नातेवाईक बाहेर उभे असतात. तिथे कुणी तबला-पेटी घेऊन जावं हे अधिकाऱ्यांना पटणं कठीण, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. पण राज्यातल्या कारागृहांमध्ये कैद्यांच्या भजन-अभंग स्पर्धा होतात. त्याअर्थी आत गाणं चालतं. वर्षातून एक तास बाहेरच्या माणसांनी आतल्यांबरोबर गावं, किंवा तेही जमत नसेल तर दाराबाहेर गावं, यात अशक्य काय आहे?

उलट कारागृह चालू आहे म्हणूनच मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. यातले सगळे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही आणि त्यांना स्वातंत्र्यसैनिकांच्या रांगेत बसवत नाही. पण जुन्या कैद्यांवर प्रेम करायचं आणि त्याच भिंतीआडच्या आजच्या कैद्यांचा विषय निघाला की मान वळवायची, हे जरा सोयीचं होतं. गुरुजी आणि विनोबा ज्या आवारात बसले त्याच आवारात साधे गुन्हेगार कैदीही होते.

दुसरी अडचण गाण्याची स्वतःची आहे, आणि इथे आयर्लंड आपल्याला सावधही करतं. कैद्यांची गाणी निरुपद्रवी नसतात. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ ला तुरुंगात उपोषण करून दहा जण मेले. त्यांच्यावरची गाणी एका गल्लीत श्रद्धेने म्हणतात आणि शेजारच्या गल्लीत तेच सूर ऐकून लोकांच्या अंगावर काटा येतो. गाणं माणसं जोडतं हे अर्धंच खरं आहे. ते बाजूही ठरवतं. आपल्याकडेही देशभक्तीचं गाणं कुठल्या चौकात, किती आवाजात, कुणाच्या दारासमोर लावलं यावरून काय होतं ते आपण बघितलंय. धुळ्याने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आणि २०१३ च्या जानेवारीत दंगल भोगली. २०१३ ला पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. अशा शहरात सामूहिक गाण्याचा कार्यक्रम सुचवताना मी दोनदा विचार केला.

पण मग असं वाटलं की गुरुजींचं गाणं तरी याच शहरात म्हणायला हवं. जगाला प्रेम द्यायची गोष्ट हा माणूस सांगत होता तेव्हा तो सरकारचा कैदी होता. आणि हाच माणूस १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी बसला. शाळेच्या रांगेत हात जोडून म्हटलं की ते गाणं गोड आणि बिनधोक वाटतं. तुरुंगाच्या दारात म्हटलं की त्यातल्या प्रेमाला किती किंमत मोजावी लागली ते कळतं. म्हणूनच ती खालची ओळ कापली जाणं ही माझ्या लेखी नुसती श्रेयाची चूक नाही. ती कापली की गाण्याचा दात निघून जातो.

आणि ज्यांची गाणी टिपली गेली नाहीत?

मघाशी राहिलेला मुद्दा. साने गुरुजी लिहिते होते म्हणून 'धुळे तुरुंग' असा शिक्का तरी उरला. १८५७ च्या उठावात खान्देशातले भिल्ल काजरसिंग उर्फ खाज्या नाईक यांच्या पाठीशी उभे राहिले. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. पुरुषांना पकडून जागेवर गोळ्या घातल्या आणि अनेक भिल्ल स्त्रियांना कैद केलं. त्या बायका कैदेत काय गात होत्या? त्यांच्या गाण्याखाली कुणी महिना आणि साल लिहिलं नाही. १९४२ ला अमळनेर पेटलं, डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांची नावं आपल्याला माहीत आहेत. पण त्यांच्यामागून तुरुंगात गेलेल्या साध्या शेतकऱ्यांच्या घरी आज काय आठवतं? नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी गोळीबारात गेले. त्यांच्यावर गावाने काय गायलं?

काही घरांत अजून असेल. ऐंशी-पंचाऐंशीची एखादी आजी असेल, तिच्या आईने घरोटीवर म्हटलेली अहिराणी ओळ तिला आठवत असेल. आपल्या सगळ्यांच्या खिशात रेकॉर्डर आहे. गुरुजींना अठरा रविवार हात दुखेपर्यंत लिहावं लागलं, आपल्याला एक बटण दाबायचं आहे. रेकॉर्ड करा आणि फाईलच्या नावात गाव, तारीख आणि कुणाकडून ऐकलं ते लिहा. 'ऑडिओ ००१७' असं नाव ठेवून पाठवू नका, पुढच्या फॉरवर्डला ती परत 'पारंपरिक' होईल.

मला काय हवंय?

फार नाही. २१ फेब्रुवारी हा दिवस. धुळ्यातलं पहिलं प्रवचन त्या तारखेचं, आणि योगायोगाने तो जगभर मातृभाषा दिनही असतो. सहा दिवसांनी मराठी भाषा गौरव दिनाला सगळीकडे भाषणं होतातच, त्यातलं एक कमी करून इकडे या. जेलच्या दारापाशी एक तास. मंडप नको, स्वागताध्यक्ष नकोत, डीजे तर अजिबात नको. शाळेतली मुलं, सेवा दलाची जुनी मंडळी, वारकरी, अहिराणीत गाणाऱ्या बायका. प्रत्येकाने गायच्या आधी आयरिश लोकांसारखी दोन वाक्यं बोलायची: गाणं कुणाचं, कुठल्या तुरुंगातलं, मला कुणी शिकवलं. अंबापाणीसाठी गाणं सापडलं नाही तर 'ग्रेस'सारखं सत्तर काय, पावणेदोनशे वर्षांनीही कुणी नवं करू शकतं.

शाळांनी एवढं केलं तरी पुरे: गुरुजींची कविता फळ्यावर लिहिताना पुस्तकात खाली तुरुंगाची ओळ असेल तर तीही लिहायची. मुलं विचारतील, "सर, तुरुंग का?" मग सांगायला लागेल.

२०३२ ला त्या अठरा रविवारांना शंभर वर्षं होतील. तेव्हा सरकारी समिती बसेल, टपाल तिकीट निघेल, मोठा कार्यक्रम होईल. त्याला माझी हरकत नाही. पण तोवर गाणारे तयार हवेत.

रीलचं श्रेय मी त्याच रात्री दुरुस्त केलं. 'पारंपरिक' काढून 'कवी: साने गुरुजी, संग्रह: पत्री, १९३५, सरकारजमा' असं लिहिलं आणि सरांना लिंक पाठवली. पहाटे साडेपाचला उत्तर आलं. 'छान. आता तुझ्या शाळेतल्या बाईंना फोन कर आणि विचार, त्यांना कुणी शिकवलं.' मी केला. बाईंना आठवत नव्हतं, पण त्या म्हणाल्या, आई सांगेल. आईंचं वय ८७. येत्या रविवारी जाणार आहे, फोन पूर्ण चार्ज करून.